जावळीच्या मुलांना जावळी शिकवताना

(पोलादपूर तालुक्यातील प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरकडे निघालेला रस्ता आंबेनळीची वळणे घेऊ लागतो, तेव्हा तो ज्या मुलखात शिरतो त्याचे इतिहासातील नाव जावळी. एका अंगाला सावित्रीचे खोरे, घाटमाथ्यापलीकडे कोयनेचे. दोन्ही नद्या क्षेत्र महाबळेश्वरी उगम पावतात. एक बाणकोटला पश्चिम समुद्रास मिळते, दुसरी कृष्णेत मिसळून पूर्व समुद्राकडे जाते. घाट संपतो तेथे वाडा कुंभरोशी, आणि तेथून वर प्रतापगड.

या घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीतील मूल चौथीत जाते आणि 'शिवछत्रपती' हे पुस्तक त्याच्या हाती येते. त्यात जावळी आहे, प्रतापगड आहे. गड कोणी बांधला, या प्रश्नाला 'मोरोपंत पिंगळे' असे उत्तर ते अचूक लिहिते आणि त्याला गुण मिळतो. परंतु तो गड आपल्या शाळेच्या कोणत्या दिशेला आहे, असे विचारले तर गप्प राहणारी मुले या खोऱ्यातही दुर्मिळ नाहीत. पुस्तकातील जावळी त्यांना दिल्ली-आग्र्याइतकीच दूरची वाटते. प्राथमिक शाळेतील इतिहासाच्या अध्यापनाचा विचार करावयाचा, तर तो या गप्प राहण्यापासून सुरू केला पाहिजे.

मराठी मुलांच्या इतिहासवाचनाचा आरंभ सुखाचा नव्हता. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. डेव्हिड केपन याने केलेले त्याचे भाषांतर 'मराठ्यांची बखर' या नावाने मराठी वाचकांच्या हाती पडले. प्रतापगडच्या प्रसंगात शिवाजी महाराज विश्वासघातकी ठरतात, असा त्या ग्रंथाचा सूर. शिकलेल्या पहिल्या पिढीने आपल्याच राजाची ओळख अशी परक्याच्या चष्म्यातून करून घेतली. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने विद्यार्थिदशेतच, १८६७ च्या सुमारास, डफच्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे पालथी घातली आणि ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आज चौथीचे मूल 'शिवछत्रपती' अभिमानाने वाचते, त्यामागे या माणसांचे कष्ट आहेत. त्यांनी डफला शिव्या देण्यात वेळ घालवला नाही, कागद शोधले. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बालभारतीची स्थापना १९६७ ची. नऊ वर्षांच्या मुलांसाठी एका राष्ट्रपुरुषाच्या चरित्राचे संपूर्ण पुस्तक नेमण्याचा महाराष्ट्राचा निर्णय त्यानंतरचा, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ मराठी मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. केंद्रीय अभ्यासक्रमाची रीत वेगळी. तेथे तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास असतो आणि इतिहासाला सहावीत प्रारंभ होतो. दिल्लीतील इतिहासाच्या पुस्तकांवरून २००२ नंतर आणि पुन्हा २००४ च्या सत्तांतरानंतर जे वादंग माजले, ते सर्वांना आठवत असेल. तो वाद महत्त्वाचा होता, पण तो वरच्या इयत्तांचा होता. मध्यमवर्गीय मराठी घरांत मात्र एक निराळी गोष्ट शांतपणे घडली. मुलाला केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेत घातले गेले आणि चौथीचे ते पुस्तक घरातून निघून गेले. दिवाणखान्यात महाराजांची तसबीर आहे, गाडीच्या काचेवर जिरेटोप आहे. दप्तरात पुस्तक नाही. हे कोणत्या सरकारने केले? कोणीही नाही. हा निर्णय घराघरांत झाला.

पंधरा पिढ्यांची रांग

लहान मुलाला काळ कसा समजतो, हा पहिला अडसर. १६५९ हा आकडा पाठ होतो, पण 'किती पूर्वी' याचा बोध नऊ वर्षांच्या बुद्धीला होत नाही. आजोबांचे लहानपण आणि अफझलखानाची स्वारी त्याच्या मनात जवळजवळ एकाच 'पूर्वी'त असतात. यावर एक साधा उपाय आहे. वर्गातील मुले ओळीने उभी करावीत. पहिला मुलगा म्हणजे आजचा, दुसरा त्याचा बाप, तिसरा आजा, चौथा पणजा. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर चौदा-पंधरा मुलांच्या रांगेत महाराजांचा काळ येतो. रांगेच्या टोकाला उभा असलेला मुलगा त्या दिवशी मावळा होतो आणि तो पहिल्या मुलापासून फार लांब नसतो. साडेतीनशे वर्षे म्हणजे एका अंगणात मावेल एवढे अंतर, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

घाटातील कित्येक वाड्यांच्या शाळांत एवढीही मुले आता नाहीत, हे येथे बसलेल्या शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. कुटुंबे मुंबईला गेली. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागविले, तेव्हा डोंगराळ तालुक्यांत चिंता पसरली ती उगाच नव्हे. रांग पुरी करण्यासाठी अंगणवाडीतील भावंडे आणि ओट्यावर बसलेले आजोबाही बोलवावे लागतील. बोलवावेत, आजोबा स्वतःच्या जागी उभे राहिले तर धडा अधिकच चांगला होईल.

याच रांगेत जवळचा काळही बसतो. महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो महापुरात वाहून गेला आणि एसटीच्या गाड्यांसह प्रवासी नाहीसे झाले. नवा पूल पुढच्याच वर्षी उभा राहिला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवसांत माणसे दगावली, आंबेनळीचा रस्ता तुटला. ज्या मुलाने हे घरात ऐकले आहे, त्याला इतिहास म्हणजे काय हे निम्मे कळलेलेच असते. 'तू हे कोणाकडून ऐकलेस? त्यांनी स्वतः पाहिले होते काय?' एवढे दोन प्रश्न शिक्षकाने विचारले की उरलेले निम्मे सुरू होते.

खान येथेच का आला

प्रतापगडचा धडा बहुतेक वर्गांत वाघनखांपाशी सुरू होतो आणि वाघनखांपाशीच संपतो. मुलांना थरार आवडतो, त्यात गैर काही नाही. तथापि मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ ही त्या कथेची अखेर आहे. खरी कथा त्याआधीच्या पावसाळ्यात आहे, आणि ती सांगण्याचा सर्वाधिक अधिकार याच खोऱ्यातील शाळांना आहे.

खानाचे बळ कशात होते? घोडदळ, हत्ती, उंट, तोफा. या बळाला मोकळे मैदान लागते, आणि वाई तसे मैदान आहे. महाराजांनी जावळी जानेवारी १६५६ मध्ये घेतली होती. भोरप्याच्या डोंगरावर गड बांधून घेतला होता. खान वाईस असताना ते या जंगलात येऊन राहिले. खानाला मैदानात गाठावयाचे नाही, त्यालाच रानात उतरवावयाचे, हा बेत. रडतोंडीच्या घाटाने खान खाली आला आणि कोयनेकाठी पार गावी त्याची छावणी पडली. आता प्रश्न मुलांना विचारावा: आपल्या रानात हत्ती कोठून चालेल? तोफ कोणत्या वाटेने चढेल? पावसाळ्यात उंट चिखलात उभा राहील काय? गुरे राखणाऱ्या मुलाला ही उत्तरे शहरातील प्राध्यापकाहून अधिक चांगली देता येतात. ज्या ज्ञानाची शाळेत कोणी दखल घेत नाही, तेच ज्ञान येथे स्वराज्याच्या कामी आले, हे त्याला उमगते. गडावरील तोफेची इशारत होताच रानात दडलेले मावळे पारच्या छावणीवर कसे तुटून पडले, हे सांगण्यासाठी मग नकाशा लागत नाही. आणि तो विजय तेथेच थांबला नाही; २८ नोव्हेंबरला, अवघ्या अठरा दिवसांत, पन्हाळा स्वराज्यात आला.

एक सावधगिरी बाळगावी. आज ज्या डांबरी रस्त्याने मुले एसटीत बसतात, त्या रस्त्याने खान आला नाही. आंबेनळीचा गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत झाला आणि मुंबईचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव त्याला मिळाले होते. जुनी वाट पार घाटाची. 'रस्त्यालाही वय असते' ही कल्पना मुलांना फार आवडते.

याच पावसाळ्यातील एक तारीख पुस्तकाबाहेर राहते. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईराणीसाहेबांचे निधन झाले. शंभूराजे त्या वेळी जेमतेम सव्वादोन वर्षांचे. खान दाराशी, पत्नीचा मृत्यू, घरी आईवेगळे लेकरू. आणि महाराज खानाच्या स्वारीच्या सिद्धतेत गुंतलेले. नऊ वर्षांच्या मुलाला कर्तव्य हा शब्द समजावून सांगण्याचे कारण नाही. ही तारीख सांगून शिक्षकाने क्षणभर थांबावे. मुलींच्या डोळ्यांत पाणी येते, मुले खाली पाहू लागतात. वाघनखांचा धडा त्यानंतर सुरू करावा. तो वेगळाच ऐकला जातो.

घोरपडीचे काय करावे

पोलादपूर तालुक्यातच उमरठ आहे. तेथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाण्यावर पडलेला हा वीर या तालुक्यातील मुलांच्या अगदी घरचा. आणि त्याच्या कथेबरोबर घोरपड आलीच.

समकालीन साधनांत घोरपड नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या आसपास, जिंजीस बसून बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद मावळे वानरांसारखे कडा चढले असे सांगतो. घोरपड येते ती पोवाड्यातून. सिंहाचेही तसेच. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजींच्या बलिदानानंतर पडले असे सांगितले जाते, परंतु १६६३ च्या पत्रातही ते नाव आढळते. सभासदाने महाराजांच्या तोंडी घातलेल्या उद्गारातही सिंह नाही. तो तानाजींनाच गड म्हणतो. विचार केला तर ही उपमा अधिक मोठी आहे.

मग शिक्षकाने काय करावे? पोवाडा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. पोवाडा हा या समाजाचा ठेवा आहे, तो डफावर थाप मारूनच म्हणावा. फक्त त्याला पोवाडा म्हणावे. 'शाहीर असे गातात' आणि 'जुन्या कागदात असे आहे' ही दोन वाक्ये चौथीच्या मुलाला उत्तम समजतात. आजीच्या गोष्टीतील बोलणारा कोल्हा आणि परसातील खरा कोल्हा यांत ते घोटाळा करीत नाही. मोठ्यांनाच त्याच्या बुद्धीवर विश्वास नसतो. घोरपड बाजूला ठेवल्यावर शिल्लक काय राहते, हे त्याला विचारावे. काळोखी रात्र, सरळ तुटलेला कडा, दोर, मूठभर माणसे आणि परत न आलेला सेनानी. यातील कशालाही बाध येत नाही.

बालशाखांत गोष्ट सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनीही याचा गंभीरपणे विचार करावा. गोष्ट रंगावी म्हणून केलेली भर त्या संध्याकाळी टाळ्या मिळवते. तेच मूल सहा-सात वर्षांनी महाविद्यालयात जाते. तेथे कोणीतरी त्याला घोरपडीचा पुरावा विचारते, आणि पुरावा नाही म्हटल्यावर कोंढाणाही खोटा, तानाजीही खोटा असे हसत सांगते. नऊ वर्षांचा असताना ज्याला 'हा पोवाडा आणि हा पुरावा' असे सांगितले गेले होते, तो त्या हसण्याने डगमगत नाही. ज्याला सांगितले गेले नव्हते, त्याच्या मनातील सगळेच एका दिवसात ढासळते. हिंदुत्वाच्या विचाराचे असे नुकसान विरोधकांपेक्षा आपल्याच उत्साहाने अधिक केले आहे, हे म्हणणे कटू असले तरी खरे आहे.

वाघनखांचे उदाहरण अगदी ताजे आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती ग्रँट डफच्या घराण्यातून तेथे गेलेली. हीच ती महाराजांनी वापरलेली, असा पुरावा नसल्याचे त्या संग्रहालयानेच सांगितले आहे. मुलांना ती दाखवावयास जरूर न्यावे आणि हेही सांगावे. खानाचा कोथळा निघाला, हे सिद्ध करण्यास लंडनहून काही आणावे लागत नाही.

मोऱ्यांच्या मुलांपुढे

पुस्तकात नसलेली एक अडचण या भागातील शिक्षकांपुढे रोज असते. हजेरीपटावर मोरे आडनावाची मुले असतात, आणि धड्यात जावळीचा चंद्रराव मोरे शत्रू असतो. अशा वेळी आवाज खाली करून धडा उरकणारे शिक्षक आहेत, आणि त्या मुलाकडे पाहून हसणारा वर्गही असतो. हे टाळता येते. जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी असलेला एक तलवारबहाद्दर होता, मुरारबाजी देशपांडे, महाड परिसरातलाच. महाराजांनी त्याचे मन जिंकले आणि मे १६६५ मध्ये दिलेरखानाशी लढताना तो पुरंदरावर धारातीर्थी पडला. काल विरुद्ध बाजूस असलेला माणूस आज स्वराज्यासाठी प्राण देतो, ही महाराजांची खरी जोडणी. खानाच्या सैन्यात मंबाजी भोसल्यांसारखे भाऊबंद होते, आणि प्रतापगडाखाली महाराजांच्या सोबत गेलेल्या दहा निवडक वीरांत जिवा महालाबरोबर सिद्दी इब्राहीमही होता. आपसातील फुटीने या देशाला काय भोगावे लागले, हे सांगण्यास दुसरा दाखला नको, आणि महाराज माणूस कशावरून पारखीत तेही त्यातच येते.

गडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. तिच्याभोवती वाढलेली अनधिकृत बांधकामे १० नोव्हेंबर २०२२ रोजी शासनाने हटविली. कबर आहे तेथे आहे. वैऱ्याच्या देहालाही माती मिळाली, हे मुलांपासून लपविण्याचे कारण नाही. ती महाराजांच्या रीतीची साक्ष आहे.

महाडचे मूल आणखी एका धड्याचे वारसदार आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, तरी प्रत्यक्षात ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस त्यांच्या पाठीशी होते. परंतु परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि खटला १९३७ पर्यंत चालला. हा भाग वगळून हिंदू समाजाचा इतिहास शिकविता येत नाही. रायगड आणि चवदार तळे एकाच तालुक्यात आहेत. सहलीची गाडी रायगडला जाते. तळ्यापाशीही तिने थांबावे, आणि शिक्षकाने घडले तसे सांगावे. 'पाणी पिऊ द्यायला काय हरकत होती?' असे एखादे मूल विचारील. या प्रश्नाला धर्मशास्त्राची सबब सांगून वेळ मारून नेऊ नये. हरकत चुकीची होती, एवढे उत्तर पुरेसे आहे.

सहलीचा विषय निघालाच आहे, तर एक दिवसाचा मार्ग सुचविता येईल; त्यास खर्च फारसा नाही. सकाळी पोलादपुरातच कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी सुरुवात करावी. महाराजांच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. त्याचे 'शिवभारत' स. म. दिवेकर यांनी १९२७ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध केले. ज्याच्या ग्रंथातून प्रतापगडचा प्रसंग जगाला कळतो, त्याची समाधी गावात आहे, आणि गावातील मुले तिच्यावरून रोज शाळेत जातात. तेथून उमरठ. दुपारच्या आत घाट चढून कुंभरोशीमार्गे पार गावी उतरावे, रामवरदायिनीचे दर्शन घ्यावे आणि कोयनेवरील जुन्या दगडी पुलावर मुलांना बसवून डबे उघडू द्यावेत. छावणी कोठे असेल, हे त्यांनी आपसात ठरवावे; भांडू द्यावे. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक त्यांच्या डोक्यावर उभा असतो, आणि सभासदाची जिंजीही त्याच यादीत आहे. इंग्रजी शाळेतील मुले बरोबर असतील तर त्यांनाही घ्यावे. चौथीचे पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, छापील प्रतही फार महाग नाही. गडावर चढावयाचे असेल तर पारवरून दुपारी दोनपूर्वी निघावे लागते, कारण मार्गशीर्षात घाटात अंधार लवकर पडतो.